मिठागरातील सोडियम

(संस्थेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)





विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने चार शब्द बोलण्याची संधी संस्थेने मला दिली, याबद्दल मी आभारी आहे. खरे पाहता हा मान विज्ञानाच्या पदवीधराचा. मी बी. ए., बी. एड. आहे. माझे विषय मराठी आणि इतिहास. परंतु नोकरीच्या पहिल्याच वर्षी आमचे विज्ञानाचे शिक्षक वर्षाच्या मध्येच सोडून गेले आणि नववीचा विज्ञानाचा वर्ग माझ्याकडे आला. त्या वर्षी माझ्या हातून एक चूक घडली. आज मी त्या चुकीविषयी आणि तिच्यामुळे मला जे शिकावे लागले त्याविषयी बोलणार आहे. ती शाळा कोणती हे सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती.

धडा होता अणू आणि आयन यांचा. आदल्या रात्री वाचून, टिपणे काढून मी वर्गात गेलो. फळ्यावर लिहिले : सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीनचा अणू तो घेतो आणि मीठ तयार होते. मुलांना गोडी वाटावी म्हणून सोबत थोडी माहितीही सांगितली. सोडियम हा इतका मऊ धातू आहे की तो सुरीने कापता येतो. तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो, कारण पाण्याशी गाठ पडली की तो पेट घेतो. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने तो शत्रूवर सोडला होता. इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे हा भाग मी जरा रंगवूनच सांगितला.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, माझे आजोबा मिठागरावर कामाला होते. तिथे तर सगळीकडे पाणीच असते. मग तिथला सोडियम पेट का घेत नाही?"

वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हते. तसे कबूल करण्याचे धैर्यही माझ्यात नव्हते. मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढे लिही. परीक्षेत तेवढेच विचारतात. खाली बस."

ती खाली बसली.

मित्रहो, आपल्या भाईंदरकडच्या माणसाला मिठागर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वसईच्या खाडीला लागून असलेली ही खाजणे, त्यांतले बांध, चौकोनी वाफे आणि उन्हात चमकणारे पांढरे ढीग जुन्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. आता इमारती उठल्या, मिठागरे पूर्वीइतकी राहिली नाहीत. तरी लोकलच्या खिडकीतून पाहणाऱ्याला त्यांची खूण अजून पटते. त्या मुलीने पुस्तकातले वाक्य आपल्या घरच्या अनुभवाशी ताडून पाहिले होते. शिक्षकाने ज्यासाठी वर्षभर धडपडायचे तीच गोष्ट तिने आपणहून केली होती, आणि मी तिला खाली बसवले होते.

रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी एका कनिष्ठ महाविद्यालयातील परिचित प्राध्यापकांना गाठले, पुस्तके मिळवली आणि पहिल्यापासून वाचू लागलो. जे समजले ते साध्या शब्दांत सांगतो.

प्रत्येक अणूच्या मध्यभागी केंद्रक असते. त्यात धन विद्युतभार असलेले प्रोटॉन असतात. केंद्रकाभोवती निरनिराळ्या कवचांत ऋण विद्युतभार असलेले इलेक्ट्रॉन असतात. अणूमध्ये दोहोंची संख्या सारखी, म्हणून धन आणि ऋण यांची फिट्टंफाट होते आणि संपूर्ण अणू उदासीन राहतो. सोडियमजवळ ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन. त्यांची मांडणी २, ८, १ अशी. बाहेरच्या कवचात एकटाच इलेक्ट्रॉन आहे, आणि सोडियमचा सगळा तापटपणा या एकट्यामुळे आहे. तो निघून गेला की उरतात ११ प्रोटॉन आणि १० इलेक्ट्रॉन. आता धन बाजू एकाने जड झाली. अशा विद्युतभारित अणूला आयन म्हणतात. हा झाला सोडियमचा धन आयन.

क्लोरीनजवळ १७ प्रोटॉन आणि १७ इलेक्ट्रॉन. मांडणी २, ८, ७. बाहेरच्या कवचात आठ होण्यास एक कमी. तो एक मिळाला की इलेक्ट्रॉन होतात १८, आणि तयार होतो ऋण आयन. त्याला क्लोराइड म्हणतात.

इलेक्ट्रॉन किती लहान? प्रोटॉनच्या सुमारे १८३६ व्या हिश्शाएवढे त्याचे वस्तुमान. तो गेल्याने सोडियमच्या वजनात काही फरक पडला असे म्हणण्याजोगे नाही. केंद्रक तर जसेच्या तसे आहे, म्हणून नावही सोडियमच. परंतु वागणूक पार बदलली. धातूची चमक गेली, मऊपणा गेला, पाण्याशी असलेले भांडण मिटले. सोडियम धातू पाण्यात पेट घेतो तो काय करण्यासाठी? तो बाहेरचा इलेक्ट्रॉन देऊन टाकण्यासाठी. ज्याने तो आधीच दिला आहे, त्याचे पाण्याशी भांडण उरलेच कशाला? क्लोरीनचेही तसेच. त्याचा विषारीपणा म्हणजे दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची धडपड. क्लोराइडची ती गरज भागलेली आहे. म्हणून एक पेट घेणारा धातू आणि एक जीवघेणा वायू यांची नावे ज्यात आहेत, ते मीठ आपण रोज डाळीत घालतो आणि त्यावाचून जेवण गोड लागत नाही.

येथे माझ्या शिक्षकबंधूंसाठी एक गोष्ट सांगतो. आपण वर्गात सांगतो, सोडियम उदार आहे, तो खुशीने इलेक्ट्रॉन देतो. मुलांना हे आवडते, पण ते खरे नाही. केंद्रक धन, इलेक्ट्रॉन ऋण. त्यांचे एकमेकांना आकर्षण असते. तो तोडून काढायचा तर ऊर्जा खर्च करावी लागते. रसायनशास्त्रात अणूंचे ठरावीक मोठे माप घेतात, त्याला मोल म्हणतात. एक मोल सुट्या सोडियम अणूंमागे हा खर्च सुमारे ४९६ किलोज्यूल येतो. क्लोरीनच्या अणूंना ते इलेक्ट्रॉन मिळाले की सुमारे ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे हिशेबात १४७ ची तूट. मग मीठ होते कसे? धन आणि ऋण आयन जवळ येऊन, एकाआड एक रचले जाऊन त्यांचा स्फटिक तयार होतो, तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तूट भरून निघते आणि वर पुष्कळ उरते. म्हणजे हा व्यवहार एकट्याच्या उदारपणावर चालत नाही, एकत्र येण्यातून जो लाभ होतो त्यावर चालतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. आपण पुस्तकात जी क्रिया शिकतो, म्हणजे सोडियम धातू आणि क्लोरीन वायू एकत्र येऊन मीठ होणे, ती प्रयोगशाळेत होते आणि खरी आहे. परंतु मिठागरात ती होतच नाही! मिठागरात कोणी कोणाला इलेक्ट्रॉन देत नाही आणि घेत नाही. तो व्यवहार पृथ्वीच्या इतिहासात फार पूर्वी होऊन गेलेला आहे. खडक झिजले, पावसाच्या पाण्याने त्यांतील सोडियम नद्यांवाटे समुद्रात आला, तो आयन म्हणूनच आला. समुद्रातील क्लोराइडचा बराचसा भाग फार प्राचीन काळी ज्वालामुखीच्या वायूंतून आलेला आहे, तोही आयन म्हणूनच पाण्यात राहिला. भरतीच्या वेळी खाडीचे जे पाणी वाफ्यात घेतात त्यात सोडियम धातूचा एक कणही नसतो. असतात ते आयन. पाण्याच्या रेणूंनी त्यांना चहूबाजूंनी वेढलेले असते, म्हणून ते सुटे सुटे फिरतात. ऊन पाण्याला उडवून नेते, वेढा सुटतो आणि धन व ऋण आयन पुन्हा शेजारी शेजारी बसतात. तोच मिठाचा खडा.

हे वाचत असताना मला आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती वाचून मी खरोखर ओशाळलो. स्वीडन देशात स्वांते अऱ्हेनियस नावाचा एक तरुण होता. १८८४ साली त्याने उप्साला विद्यापीठाला प्रबंध सादर केला. विषय होता क्षारांच्या द्रावणातून वीज कशी वाहते हा. परीक्षकांना त्याचे विचार पटले नाहीत आणि त्यांनी त्याला फार खालची श्रेणी दिली. पुढे १८८७ साली त्याने स्पष्टपणे मांडले की मीठ पाण्यात विरघळले की त्याचे आयन सुटे होतात. त्यावर मोठमोठ्या विद्वानांचा आक्षेप कोणता होता? पाण्यात सोडियम सुटा असेल तर तो पेट का घेत नाही? क्लोरीन सुटा असेल तर त्याचा वास का येत नाही? मित्रहो, हा आमच्या वर्गातल्या दुसऱ्या बाकावरचाच प्रश्न आहे. त्या वेळी इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. तो जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली लावला. तेव्हा कोठे अणू आणि आयन यांतील फरक नेमका काय हे सांगता येऊ लागले. अऱ्हेनियसला १९०३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जो प्रश्न युरोपातल्या प्राध्यापकांना पडला होता तो एका चौदा वर्षांच्या मुलीला पडला, आणि तिला उत्तर म्हणून "खाली बस" एवढेच मिळाले.

पुढच्या शनिवारी दुपारी मी त्या मुलीच्या आजोबांना भेटायला गेलो. थकलेले गृहस्थ, पायांच्या तळव्यांना मिठाने पडलेल्या भेगा अजून गेलेल्या नव्हत्या. त्यांनी मला बांधावर नेले आणि सगळे समजावून सांगितले. पावसाळा संपला की बांध दुरुस्त करायचे, वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवत न्यायचे. मग म्हणाले, "मास्तर, मीठ पडले की राहिलेले पाणी बाहेर काढावे लागते. लोभाने ठेवले तर मीठ कडू होते, आणि हवेत पाझरत राहते."

हे कडू पाणी म्हणजे काय, हे मी घरी येऊन पुस्तकात पाहिले. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम, सोडियम पावणे अकरा ग्रॅम, आणि मॅग्नेशियम सव्वा ते दीड ग्रॅमच्या आत. मॅग्नेशियमचे इलेक्ट्रॉन १२, मांडणी २, ८, २. तो एक नव्हे तर दोन इलेक्ट्रॉन गमावतो, म्हणून त्याच्या आयनावर दोन धनभार असतात. पाण्याचे रेणू त्याला अधिक घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे साधे मीठ खाली बसले तरी मॅग्नेशियमचे क्षार पाण्यातच रेंगाळतात. तेच कडू लागतात आणि तेच हवेतला ओलावा ओढून घेतात. पाण्याची दाटी मोजणारे काचेचे उपकरण सुमारे २५ अंश दाखवू लागले की मीठ पडू लागते, आणि २९-३० अंशांच्या सुमारास उरलेले पाणी सोडून द्यावे असे पुस्तक सांगते. आजोबांना आयन हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु एक भार कोणाचा आणि दोन भार कोणाचे, हे त्यांची जीभ वर्षानुवर्षे ओळखत होती.

(येथे व्यासपीठावर प्रयोग करून दाखवण्यात आला.) हे पाहा, या नऊ व्होल्टच्या बॅटरीला एक छोटा एलईडी दिवा जोडला आहे आणि दोन तारांच्या टोकांना पेन्सिलीची शिसे बांधली आहेत. कोरड्या मिठात ती खुपसली, दिवा लागत नाही. आयन आहेत, पण जागेवर जखडलेले आहेत. साखरेच्या पाण्यात बुडवली, दिवा लागत नाही. साखरेचे रेणू विरघळले तरी त्यांचे आयन होत नाहीत. आता मिठाच्या पाण्यात बुडवतो. दिवा लागला! धन आयन एका टोकाकडे निघाले, ऋण आयन दुसऱ्याकडे. आयन या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी "जाणारा" असा आहे. मायकेल फॅरेडे यांनी तो १८३४ साली वापरात आणला. मुलांनो, हा प्रयोग बॅटरीवरच आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली करावा. घरातल्या विजेच्या बटणाला तारा जोडण्याचा विचारही मनात आणू नये.

दोन आठवड्यांनी मी वर्गात हे सारे सांगितले. त्या दिवशी मला उत्तर येत नव्हते, हेही सर्वांसमोर कबूल केले. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, मग दिलेला इलेक्ट्रॉन परत दिला तर?" किती सुंदर प्रश्न! या वेळी मी तयार होतो. सोडियम आयनाला इलेक्ट्रॉन परत मिळाला की तो पुन्हा तोच तापट धातू होतो. इंग्लंडच्या हंफ्री डेव्ही यांनी १८०७ साली वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून हेच केले आणि जगाने सोडियम धातू प्रथम पाहिला. मात्र मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तो मिळत नाही, कारण तेथे पाणीच इलेक्ट्रॉन घेते आणि हायड्रोजन वायू निघतो. त्यासाठी कोरडे मीठच वितळवावे लागते, आणि ते वितळते सुमारे ८०० अंश सेल्सिअसला. निसर्गात झालेला व्यवहार उलटा फिरवायचा तर एवढी किंमत मोजावी लागते.

पालकहो, आपणास वाटेल की हे सर्व परीक्षेपुरते आहे. तसे नाही. शाळेत किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी देतात ती लोह आणि फॉलिक आम्लाची असते. एका आईने मला काळजीने विचारले होते, "सर, लोखंड पोटात गेले तर आतडी कापणार नाहीत का?" त्यांची मुलगी ती गोळी घरी आणून फेकून देत असे. मुलगी फिकट पडलेली, मधल्या सुट्टीत बाकावर डोके ठेवून बसणारी. मी त्यांना हेच सांगितले. गोळीत लोखंडाचा कीस नसतो. त्यात दोन इलेक्ट्रॉन गमावलेले लोह असते, आयन म्हणून, क्षाराच्या रूपात. ते आतड्यातून रक्तात जाते आणि रक्ताचा लाल रंग ज्यामुळे आहे त्या हिमोग्लोबिनच्या कामी येते. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये, तिच्यासोबत चहा पिऊ नये, जेवणात लिंबू किंवा आवळा असेल तर उत्तम. आपल्या खिडकीच्या जाळीवर खाऱ्या हवेने जो तांबडा गंज चढतो, त्यातल्या लोहाने तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. खिळा, गोळी आणि गंज, तिघांत लोह आहे. फरक आहे तो इलेक्ट्रॉनच्या हिशेबाचा. हा हिशेब त्या माउलीला कळला आणि मुलगी गोळी घेऊ लागली. याहून मोठा उपयोग मला सांगता येणार नाही.

शेवटी एकच सांगतो. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, तिने माझे उत्तर शांतपणे ऐकून घेतले. "बरं सर" म्हणाली. परंतु त्या वर्षात तिने पुन्हा हात वर केला नाही. मी तिच्याकडे पाहून पुष्कळदा थांबत असे, पण हात वर येत नसे. सोडियमला इलेक्ट्रॉन परत देता येतो, त्याची किंमत पुस्तकात लिहिलेली आहे. एका "खाली बस" ने मुलाच्या मनातून जे निघून जाते ते परत आणण्याची रीत मला अजून कोणत्याही पुस्तकात सापडलेली नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना विनंती आहे की उत्तर येत नसेल तर "मला ठाऊक नाही, उद्या पाहून सांगतो" असे सांगावे. त्याने आपला मान कमी होत नाही. पालकांना विनंती आहे की तुमचा धंदा कोणताही असो, मिठागर असो, मासेमारी असो, कारखाना असो की दुकान असो, मुलांना त्याविषयी सांगत जा. शाळेत त्यातूनच प्रश्न निघतात. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो की पुस्तकातले वाक्य आणि घरातला अनुभव यांचा मेळ बसत नसेल, तर उभे राहा आणि विचारा. वर्ग हसला तरी विचारा. आज या सभागृहात कोणीही तुम्हाला खाली बसवणार नाही.